सातबारा वाचणारी आक्का

आक्का चौथी शिकलेली. पण आमच्या निफाड तालुक्यातल्या गावात सातबारा वाचता येणाऱ्या बाया मोजायला घेतल्या, तर दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. त्या सगळ्या तिनंच शिकवलेल्या. ती माझी मैत्रीण. एकाच वर्षी लग्न होऊन आम्ही या गावात आलो, शेताला शेत लागून. ती गेली त्याला आता वर्ष होईल.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, तेव्हा आम्ही दोघी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो होतो. एवढ्या बाया एका जागी मी ना आधी पाहिल्या, ना नंतर. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. जन्मभर राबणाऱ्या बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करा, असं त्यांचं सांगणं. ज्या गावात शंभर घरं हे करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. आमच्याकडं शंभर काही भरली नाहीत. आक्काच्या मालकांनी मात्र अर्धा एकर तिच्या नावे केला.

उतारा हातात आल्यावर बाकीच्यांनी तो देवापुढं ठेवायला सांगितला. आक्कानं तो तलाठ्यापुढं ठेवला. "भाऊसाहेब, यातली एकेक ओळ समजावून सांगा." चार खेपा घातल्या, पण कागद पाठ करूनच थांबली.

मग कांदा लागवडीला दुपारच्या भाकरी झाल्या की बांधावर तिची शाळा भरायची. हातात काडी. "हा गट नंबर. हे क्षेत्र, चाळीस आर म्हंजे एकर. हे भोगवटादार. कंसात नाव दिसलं तर समजायचं, ते कमी झालं." 'इतर हक्क' या रकान्यापाशी ती हमखास थांबायची. बहिणींची, विधवांची नावं तिथंच लिहिलेली असायची. "इथं नाव म्हंजे घर आपलं, पण बसायचं ओसरीवर," असं म्हणायची.

गावातली एक तरणी पोर विधवा झाली. वारसाच्या फेरफारात तिचं नावच नव्हतं. नोटिशीपासून पंधरा दिवसांत हरकत घ्यायची होती. पोरगी म्हणाली, "आक्का, तुम्हीच लिहून द्या." आक्का बधली नाही. "मी जेवले तर तुझं पोट भरंल का? लिही तू, मी बसते शेजारी." रात्री अकरापर्यंत दोघी चिमणीच्या उजेडात बसल्या. पोरीचं नाव लागलं. आक्काला मात्र पुढं कित्येक महिने पाणवठ्यावर टोमणे ऐकावे लागले, घरं फोडते म्हणून.

खरं तर ती कुणाला सही कर, नको करू, असं कधी सांगायची नाही. २००५ च्या कायद्यानं लेकींना वडिलोपार्जित जमिनीत लेकांएवढा वाटा आला, तसे भाऊ हक्कसोडपत्रं घेऊन बहिणींच्या दारी येऊ लागले. साडीचोळी आणि कागद, दोन्ही एकाच पिशवीत. आक्काचं म्हणणं एकच, "ठरव तुझं तू. पण वाचल्याबिगर सही नको."

तिचेही भाऊ आले. तिनं कागद मोठ्यानं वाचून दाखवला, अगदी क्षेत्रासकट, आणि सही केली. मी चिडले. "इतरांना शिकवतेस आणि स्वतः?" ती शांतपणे म्हणाली, "त्यांनी घेतलं नाही गं, मी दिलं. यात फरक हाय." मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण तो फरक तिच्याइतका स्पष्ट मला कुणी दाखवला नाही.

आता सातबारा मोबाईलवर दिसतो. तिच्या हाताखालच्या बाया नव्या सुनांना तो बोटानं मोठा करून दाखवतात.

आक्काच्या अर्ध्या एकराच्या वारसनोंदीची नोटीस आली, तेव्हा मी तिच्या ओट्यावरच होते. सुनेनं ती नवऱ्याच्या हातातून घेतली, उभ्यानंच वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "ह्यात ताईंचं नाव राहिलंय. उद्या तलाठ्याकडं जाऊ."

ताई म्हणजे तिची नणंद, आक्काची लेक.