टोचन

बालमित्रांनो, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं? बरोब्बर, कळसूबाई! उंची १६४६ मीटर. हे उत्तर तुम्ही झोपेतही द्याल. पण त्या शिखराच्या अवतीभवती भर पावसात गाड्या कशा चालतात, हे काही भूगोलाच्या पुस्तकात दिलेलं नाही. ते मी आज तुम्हांला सांगणार आहे. चला तर मग, बसा माझ्याबरोबर!

मुंबई-नाशिक रस्त्यावर घोटी लागतं. तिथून आत वळलं, की थोड्या वेळाने येतं बारी गाव, म्हणजे कळसूबाईचा पायथा. त्याच्यापुढे शेंडी, आणि शेंडीला भंडारदऱ्याचं धरण. प्रवरा नदीवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. धरणामागच्या पाण्याला वळसा घालून रस्ते जातात रतनवाडीला आणि घाटघरला. घाटघरच्या कड्यावर उभं राहिलं, की पायाखालची जमीन एकदम संपते आणि खाली खोल कोकण दिसतं. कोकणातून वर चढणारे ढग पहिल्यांदा आदळतात ते याच डोंगरांवर. मग पाऊस म्हणजे नुसता पाऊस! चार-चार दिवस सूर्य दिसत नाही.

याच भागातल्या एका वाडीवर मी शिक्षक आहे. डांबरी रस्ता सोडला, की वाडीपर्यंत तीन किलोमीटर कच्ची वाट. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात चिखल. त्या वाटेवर शेवटची एक चढण आहे. तिने आजवर किती गाड्या अडवल्या असतील, त्याची गणतीच नाही.

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा उघडायला दोन दिवस राहिले होते. मुलांची नवी पाठ्यपुस्तकं घेऊन एक टेम्पो निघाला. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. पाऊस धो-धो कोसळत होता. नेमक्या त्या चढणीवर टेम्पोची मागची चाकं गर्रकन जागच्या जागी फिरली आणि टेम्पो रुतला. जितका रेस द्यावा, तितका आणखी खोल! वरून ताडपत्री गळायला लागली. आत दीडशे मुलांची कोरी पुस्तकं! माझ्या तर पोटात गोळाच आला.

वाडीवरून मुलं धावत आली. त्यांच्यामागून आली तात्यांची जीप.

तात्यांना सगळी वाडी तात्याच म्हणते. वय सत्तरीच्या पुढे. त्यांची जीप १९८८ सालची, डिझेलची. दारं नाहीत, वर कापडी छत, आणि मागे जोडलेली छोटी दोन चाकांची ट्रॉली. त्या ट्रॉलीतून ते भाताची पोती नेतात, पेंढा नेतात, एकदा तर नवरदेवाची वरातसुद्धा नेली होती!

"गुरुजी, टेम्पो मागून काढू. आधी पुस्तकं काढा," तात्या म्हणाले.

झालं! मुलांनी रांग धरली. घोंगड्यांखाली झाकून गठ्ठे हातोहात ट्रॉलीत गेले. तात्यांनी तिच्यावर ताडपत्री बांधली आणि जीप अशी काही सावकाश चढली, की जणू मुंगीच! दोन खेपांत पुस्तकं शाळेत पोहोचली. माझा जीव भांड्यात पडला.

आता राहिला टेम्पो. तात्यांनी जीप पुढे लावली, दोर बांधला आणि टोचन सुरू झालं. (रुतलेली किंवा बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढायची, याला टोचन म्हणतात, बरं का!) जीपची चारही चाकं फिरली, चिखल उडाला, पण टेम्पो तसूभरही हलला नाही. जीप हलकी, टेम्पो जड. बिचारी म्हातारी घसरायलाच लागली.

इतक्यात धरणाकडून एक चकचकीत नवी फोर बाय फोर गाडी आली. पुण्याहून फिरायला आलेला एक तरुण दादा ती चालवत होता. मनाने चांगला. लगेच म्हणाला, "सरका काका, मी काढतो." त्याने तोच दोर आपल्या गाडीला बांधला, दोर सैल ठेवला आणि जोरात रेस देऊन एक झटका मारला.

फट्टाक! दोर तुटला. तुटलेलं टोक चाबकासारखं सपकन हवेतून गेलं. आमच्या चौथीतला एक मुलगा गंमत बघायला दोराच्या अगदी जवळ उभा होता. क्षणभरच आधी तात्यांनी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं होतं. नाहीतर...? नाहीतरचा विचार आजही नको वाटतो.

सगळे एकदम गप्प झाले. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तात्या त्याला रागावले मात्र नाहीत. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, गाडी तुझी लई ताकदीची हाय. पण झटका द्यायचा नसतो. ताण द्यायचा असतो."

मग तात्यांनी जीपमधून जाडजूड पट्टा काढला. सगळ्या मुलांना पट्ट्याच्या लांबीपेक्षाही लांब, वरच्या बांधावर उभं केलं. टेम्पोच्या चाकांपुढचा चिखल आम्ही फावड्याने ओढला आणि तिथे दगड टाकले. पट्टा दोन्ही गाड्यांच्या चासीला, ओढायच्या हुकात अडकवला. दादाने गाडी 'लो'मध्ये टाकली. आधी हळूच पुढे जाऊन पट्टा ताठ केला आणि मग अगदी सावकाश... निघाला! टेम्पो निघाला! मुलांनी असा काही गलका केला, की विचारू नका.

बालमित्रांनो, घरी आल्यावर मी विचार करत बसलो. जुनी गाडी चांगली, की नवी? तुम्हांला काय वाटतं? उत्तर द्यायची घाई करू नका. आधी जरा या दोघींची ओळख करून घेऊ.

आजी आणि नात

जीप जन्मली ती लढाईसाठी. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला एक छोटी, हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती. दुसऱ्या महायुद्धात अशा सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. मूळ जीपचं वजन अकराशे किलोंच्या आसपास, आणि इंजिन ६० अश्वशक्तीचं. तिच्यामागे जोडायला छोटी ट्रॉलीही होती. ट्रॉलीत सव्वादोनशे किलोंच्या आसपास सामान मावायचं. म्हणजे तात्यांची ट्रॉली ही काही नवी कल्पना नाही!

आपल्या देशात १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. पुढे तीच जीप थोडी थोडी बदलत खेड्यापाड्यांत, जंगलखात्यात, पोलिसांत आणि सैन्यात पोहोचली. तिच्याच वंशातली आजची नात म्हणजे थार. २०२० मध्ये आलेली थार तयार होते आपल्या नाशिकला, म्हणजे कळसूबाईपासून फार लांब नाही. तिचं मोठं डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचं, मूळ जीपच्या दुपटीहून जास्त. वजन पावणेदोन टनांच्या आसपास.

पण गंमत ऐका. आजीपासून नातीपर्यंत एक गोष्ट जवळजवळ तशीच राहिली आहे. ती म्हणजे तात्यांचं 'लो'. चारही चाकं ओढणाऱ्या या गाड्यांत नेहमीच्या गिअरबॉक्सच्या जोडीला आणखी एक छोटी गिअरपेटी असते. 'लो'मध्ये टाकलं, की चाकं साधारण अडीचपट सावकाश फिरतात, आणि त्यांचा जोर तेवढाच वाढतो. तुमच्यापैकी कुणाकडे गिअरची सायकल आहे ना? चढावर हलका गिअर टाकला, की पाय भराभर मारावे लागतात, सायकल हळू जाते, पण चढ चढते. तसंच हे!

मग जीप घसरली का?

कारण ओढायला नुसता इंजिनाचा जोर पुरत नाही. चाकाने जमीन घट्ट धरावी लागते. गाडी जड असेल, तर चाकं जमिनीवर जास्त दाबली जातात आणि पकड वाढते. म्हणून जड ओझं ओढायला जड गाडी बरी. तात्यांची हलकी जीप चिखलाच्या वाटेवर तरंगत गेल्यासारखी जाते, हा तिचा गुण. पण टेम्पो ओढताना तोच गुण आडवा आला.

आणि ओढणं म्हणजे नुसतं पुढे जाणं नव्हे. उतारावर मागचं ओझं आपल्यालाच ढकलतं! तिथे खरी परीक्षा ब्रेकची. जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. ओढ्यातून गेल्यावर ते भिजतात आणि नीट लागत नाहीत. म्हणून तात्या ओढा ओलांडला, की हळूहळू ब्रेक दाबत ते सुकवून घेतात. उतारावर तर गिअर कमी ठेवूनच उतरतात. नव्या गाड्यांत पुढे डिस्क ब्रेक असतात, आणि चाकं अडकून गाडी घसरू नये म्हणून यंत्रच ब्रेक सोडतं आणि धरतं, सेकंदाला अनेकदा. हे काम माणसाच्या पायाला कधीच जमणार नाही.

टिकाऊ कोण?

तात्यांची जीप पस्तीस वर्षांहून जास्त चालली आहे. पण ती आपोआप नाही टिकली, बरं का! दोनदा इंजिन बोअर केलं. खालचा पत्रा गंजून गेला होता, तो नवा ठोकला. चिखलातून आली, की तात्या स्वतः आडवे होऊन ग्रीस भरतात. एकदा मागचा पाटा तुटला, तर शेंडीच्या मिस्त्रीने दुपारपर्यंत दुसरा बसवून दिला. आत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि पान्याने सुटतं. म्हणून ती टिकली.

नव्या गाडीला एवढी निगा लागत नाही. पत्र्याला गंजाविरुद्ध चांगला थर असतो, इंजिन सफाईने चालतं, धूरही खूप कमी. जुन्या जीपच्या मागे उभं राहून पाहा, नाक धराल! पण नवीतला एखादा सेन्सर बिघडला, तर घाटघरच्या पावसात पाना घेऊन काही उपयोग नाही. मोठ्या शहरातून कुणीतरी यंत्र घेऊन यायला हवं.

म्हणजे जुनीच टिकाऊ? मलाही तसंच वाटलं होतं. मी तात्यांना तसं म्हटलंसुद्धा. तात्या हसले.

"गुरुजी, जीप टिकली. पर आतला मानूस टिकायला नको का? रातच्याला लेकरू दवाखान्यात न्यायचं असंल, तर माझी जीप मागू नका. त्या पोराची गाडी मागा."

मी चमकलोच! पण तात्यांचं खरं होतं. जुन्या जीपमध्ये सीटचे पट्टे नाहीत, हवेच्या उशा नाहीत. धडक बसली, तर जाड लोखंड फारसं चेपत नाही, आणि सगळा हादरा आतल्या माणसाला बसतो. एक अंडं नुसतं स्टीलच्या डब्यात ठेवा, दुसरं कागदाच्या चुरगळ्यांत गुंडाळून खोक्यात ठेवा, आणि दोन्ही खाली टाका. डब्याला काही होणार नाही, पण अंडं? खोकं चेपेल, पण अंडं वाचायची आशा जास्त. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असं केलेलं असतं. ती स्वतः मोडते आणि माणूस वाचवते. २०२० साली ग्लोबल एन्कॅपने केलेल्या धडक-चाचणीत थारला मोठ्या माणसांसाठी चार आणि मुलांसाठीही चार तारे मिळाले. पाचपैकी चार! आजीच्या काळी अशी परीक्षाच नव्हती.

पाहिलंत? 'टिकाऊ' या एका शब्दात किती अर्थ लपलेत! आणि त्या दिवशी चढणीवर काय झालं ते आठवा. आजीकडे टेम्पो काढायची ताकद नव्हती. नातीकडे ताकद होती, पण ती चालवणाऱ्याला रीत ठाऊक नव्हती. पुस्तकं पोहोचवली आजीने, टेम्पो काढला नातीने, आणि दोघींच्या मध्ये उभे होते तात्या.

तो पुण्याचा दादा जाताना तात्यांच्या पाया पडला. तात्यांनी त्याला तो जाड पट्टा देऊन टाकला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे गाडीत. आन् वढताना आधी पोरं मोजून लांब उभी कर, मग गाडी चालू कर."

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. खोडरबरला दोरा बांधा आणि ओल्या पाटीवरून ओढा. मग खोडरबरवर एक छोटा दगड ठेवून ओढा. कधी जास्त जोर लागतो? त्यावरून जड गाडी का घसरत नाही, ते तुमच्याच बोटांना कळेल. आणि हो, पावसाळ्यात कुठे टोचन चाललेलं दिसलं, तर गंमत जरूर बघा, पण दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं राहून. दोराच्या रेषेत तर मुळीच उभं राहू नका. आमच्या चौथीतला तो मुलगा आता पाचवीत गेला आहे. कुठे गाडी रुतली, की बाकीच्या मुलांना तोच मागे सारतो.