डेन्व्हरची हवा, बॅट्समनची मजा!

ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेत डेन्व्हरला जायचा योग आलाच, तर एक संध्याकाळ कूर्स फील्डसाठी राखून ठेवा. बेसबॉल कळत नाही? नो प्रॉब्लेम! १९९५ साली सुरू झालेल्या या स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर हिरव्या खुर्च्यांच्या गर्दीत जांभळ्या खुर्च्यांची एकच ओळ दिसते. ही ओळ म्हणजे समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट, बरोब्बर एक मैल उंची. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या रांगा. फोटोसाठी एकदम झकास!

पण खरी गंमत आहे हवेत. किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा इथली हवा बरीच विरळ. त्यामुळे टोलवलेला बॉल लांब जातो आणि पिचरचा बॉल नेहमीसारखा वळत नाही. यावर तोडगा म्हणून बाउंड्रीची भिंत लांब नेली, तर मैदान इतकं ऐसपैस झालं, की दोन फिल्डरांच्या मधे बॉल पडायला जागाच जागा! कोरड्या हवेत बॉल टणक होतो, म्हणून २००२ पासून तो दमट कपाटात ठेवतात. होम रन घटले, पण बॅट्समनची चंगळ काही संपली नाही.

आता या चंगळीची किंमत बघा. इथल्या रॉकीज टीमचा लॅरी वॉकर. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा हिट, म्हणजे .३०० सरासरी, हीच भारी मानतात. याची कूर्सवरची सरासरी .३८१! करिअरभरात परक्या मैदानांवर मात्र .२७८. झालं, 'ही तर डेन्व्हरच्या हवेची कमाल' म्हणत लोकांनी नाकं मुरडली. १९९७ साली त्याने ४९ होम रन मारले, त्यातले २९ डेन्व्हरबाहेर, हे कोण लक्षात घेतो? हॉल ऑफ फेमसाठी ७५ टक्के मतं लागतात. २०११ साली, पहिल्या खेपेला, त्याला जेमतेम २० टक्के मिळाली. दहाव्या आणि शेवटच्या संधीला, २०२० मध्ये, तो ७६.६ टक्क्यांवर एकदाचा आत गेला.

आकडेतज्ज्ञ घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरच्या रन्सची तुलना करून मैदानाचा वाटा काढतात. तो वजा केला तरी वॉकर मोठाच उरतो.

अप्रेझलच्या सीझनमध्ये हे आठवायला हरकत नाही. कोणाला टार्गेट सोपं, कोणाला अवघड. नुसता आकडा बघून माणूस कळत नाही, बॉस. त्याचं मैदानही बघावं लागतं!