उंबरठ्याच्या आतला धूर

बुंदेलखंडातली थंडी बोचरी. झाशी जिल्ह्यातल्या बरुआसागरमध्ये पौष-माघात दिवेलागणीलाच दारं-खिडक्या लागतात. आल्याच्या, भाजीच्या शेतातून दमून आलेला बाप विडी शिलगावतो. तेंदूपत्ता याच मुलखातल्या जंगलांचा, त्यामुळे विडी स्वस्त आणि सवयीची. त्याच बंद खोलीत, त्याच्या मांडीला टेकून त्याचं लेकरू झोपलेलं असतं. हा माणूस निष्काळजी नव्हे. दिवसभर तो त्या लेकरासाठीच राबलेला असतो. म्हणून तर त्याची विडी लेकराला बाधते, हे त्याला सांगणं अवघड जातं.

सांगायला मात्र हवंच. शेजारी बसलेल्याच्या छातीत जातो तो बहुतेक विडीच्या जळत्या टोकाचा धूर. लहान मूल मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतं, त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. मग दमा बळावतो, न्यूमोनिया होतो, कान वारंवार दुखतो. २००४ सालासाठी केलेला एक जागतिक अंदाज २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला: दुसऱ्याच्या धुराने वर्षाला सहा लाखांवर मृत्यू, त्यांतली सुमारे १,६५,००० मुलं.

सार्वजनिक जागी धूम्रपान रोखणारा कायदा आहे. गोव्याने तो १९९७ मध्येच केला. मुंबईचे राजकीय नेते मुरली देवरा याच मागणीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, ग्रंथालयं, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांचे सुधारित नियम देशभर लागू झाले. दंड २०० रुपयांपर्यंत.

म्हणजे बरुआसागर स्टेशनच्या फलाटावर त्या मुलाच्या बाजूने कायदा उभा आहे. घरात त्याच्या बाजूने कोणी नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांच्या वाट्याला घरातच दुसऱ्याचा धूर येत होता, आणि त्या घरांत मुलंही राहतात. मोठा माणूस निदान उठून बाहेर जाईल. रांगतं मूल कुठे जाणार?

खासगी जागेतही कायदा जाऊ शकतो: इंग्लंडने १ ऑक्टोबर २०१५ पासून मूल बसलेल्या खासगी मोटारीत धूम्रपान बेकायदा ठरवलं. आपल्याकडे घराघरात शिपाई पाठवावा, असं कोणी म्हणणार नाही. पण खिडकी उघडून भागत नाही, हे तरी बापाला कळायला हवं. विडी सुटेपर्यंत ती घराबाहेर, मुलांपासून दूर ओढली जावी. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी, खोकल्याचं औषध लिहिताना डॉक्टरांनी विचारावं: घरात विडी कोण ओढतं? उत्तर आलं की त्या माणसालाही बोलावून घ्यावं आणि सोडायला मदत करावी. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावा.