तब्येत कशी आहे?

प्रिय सोनू,

परवा बारशाच्या पंगतीत तू माझ्या शेजारी बसली होतीस. वाढता वाढता एक काकू म्हणाल्या, "अगं, तब्येत बरीच सुधारली की तुझी!" आजूबाजूच्या हसल्या, तूही हसलीस. मग तुपाची धार सोडलेली पुरणपोळी हळूच माझ्या ताटात सरकवलीस आणि ओढणी पोटावर ओढून घेतलीस. मी गप्प बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं, म्हणून हे पत्र.

तब्येत म्हणजे प्रकृती. पण आपल्याकडे वजन वाढलं की तब्येत 'सुधारते' आणि घटलं की 'उतरते'. तुझ्या बारीक मैत्रिणीलाही "घरी जेवायला घालत नाहीत का गं?" असं ऐकावं लागतंच. झोप नीट लागते का, जिना चढताना दम लागतो का, पाळी वेळेवर येते का, हे मात्र कुणी विचारत नाही.

आणि प्रकृती नुसत्या नजरेला कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगातही चरबी दडलेली असू शकते, हे त्यांनी स्वतःचंच शरीर पुढे करून दाखवलं. मग पंगतीत वाढता वाढता कुणी काय निदान करणार?

वजनाचा नि आजाराचा संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. आपल्या घरात मधुमेह आहे. तुझ्या आजोबांचे हाल तू पाहिलेस. म्हणून साखर नि रक्तदाब तपासून घे, अधूनमधून कमरेचा घेर मोज. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम सांगते. चालणं कंटाळवाणं वाटत असेल, तर नाच. तुला तो आवडतो. भाकरी, उसळ, कोशिंबीर पोटभर जेव. पण हे सगळं स्वतःवर माया म्हणून कर, शिक्षा म्हणून नको.

शिक्षा मी करून पाहिली आहे. लग्न ठरायच्या वयात रात्रीचं जेवण सोडलं आणि एकदा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले. पोहणं शाळेत असल्यापासून जीव की प्राण, पण पोहण्याच्या कपड्यात लोक बघतील म्हणून वीस वर्षं तलावाकडे फिरकले नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पाण्यात उतरले. काठ धरून पाय मारताना रडूच आलं. हातपाय सगळं विसरले नव्हते. मीच त्यांना घरात कोंडून ठेवलं होतं. तुझी वीस वर्षं अशी जाऊ देऊ नकोस.

यापुढे तुझ्या अंगावरून कुणी बोललं, तर मी गप्प बसणार नाही. आणि फोनवर मी "तब्येत कशी आहे?" असं विचारलं, की वजन सांगू नकोस. झोप कशी लागली, मन कसं आहे, ते सांग.

रविवारी ये. पुरण घालते आहे. तव्यावरची पहिली पोळी तुझी, तुझ्याच ताटात.

तुझी,
आत्या