सासूबाईंचा ‘चांगला’ पाय

मैत्रिणींनो, तुमच्या घरात किंवा नात्यात लहानपणी पोलिओ होऊन गेलेलं कुणी आहे का? आमच्याकडे सासूबाई आहेत. दोन वर्षांच्या असताना ताप आला आणि डावा पाय लुळा पडला. पुढे तो हळूहळू सुधारला. जरा लंगडत का होईना, त्यांनी विहिरीचं पाणी भरलं, तीन मुलं वाढवली, गौरी जेवायच्या दिवशी पंगती उठवल्या. साठी उलटली आणि जिना चढवेना. नवल म्हणजे उजवा, आजवर ‘चांगला’ म्हणवणारा पायही थकू लागला.

मग काय! “सून हाताशी आली की पाय दुखायला लागतातच,” असं एक आजेसासूबाई हळदीकुंकवाला माझ्यादेखत बोलल्या. दुसरीनं सांगितलं, रोज देवळाला अकरा प्रदक्षिणा घाला, पाय मोकळे होतील. सासूबाईंनी हट्टानं घातल्या, आणि आठवड्यानं अंथरूण धरलं.

शेवटी मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे गेलो. मणका, थायरॉईड सगळं तपासून झाल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी बी.ए.ला मराठी घेतलेली, पण मलाही ते कळलं.

हालचालीचा हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमधून सुटतो. तिथल्या एकेका पेशीची लांब तार स्नायूपर्यंत जाते, तिला फांद्या फुटतात आणि एकेक फांदी एकेका स्नायुतंतूपाशी पोचते. ती त्याला चिकटत मात्र नाही बरं का! मध्ये बारीकशी फट असते. फांदीतून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सुटतं, तंतू ते ठरलेल्या जागी झेलतो आणि आकुंचन पावतो. तान्ह्या बाळात एकेका तंतूवर अनेक तारा हक्क सांगत असतात. पुढे चढाओढ होऊन एकच टिकते. एकत्र कुटुंबात नांदलेल्यांना याचं नवल वाटू नये!

पोलिओचा विषाणू नेमक्या या हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. त्यांचे तंतू पोरके होतात. पोरका तंतू मग रसायन झेलायची सोय एकाच जागी न ठेवता अंगभर पसरवतो. कुणीतरी या, म्हणून दारंखिडक्या सताड उघडी. आणि शेजारची वाचलेली तार खरोखरच नवी फांदी फोडून त्याला पदरात घेते. एकेकीनं असे कित्येक पोरके सांभाळलेले असतात. लुळा पाय चालू लागला तो यामुळे. उजव्या पायातही थोडंफार हेच घडलं असणार, वरून दिसलं नाही इतकंच, असं डॉक्टर म्हणाले.

पण चाळीस-पन्नास वर्षं दुपटी-तिपटीहून जास्त भार वाहिल्यावर त्या वाढीव फांद्या सुकून गळू लागतात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. विषाणू परत आलेला नसतो, कुणाला लागण होत नाही, आणि बरं करणारं औषधही नाही. व्यायाम बेताचा, जाणकाराला विचारून, थकण्याआधी थांबायचं. म्हणून ओट्याशी उंच स्टूल आलं, झोपायची खोली खाली आणली, थंडीत पायांत लोकरी मोजे. सगळ्यांत अवघड गेलं ते त्यांना बसवणं. दुपारी आडवं होणं त्यांना अजून चोरी केल्यासारखं वाटतं, आणि ते वाटायला लावणारे आपणच, असं माझं स्पष्ट मत आहे.

निसर्गातल्या विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण २०११ साली बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात सापडला; २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. चांगलंच झालं, पण तरुण डॉक्टरांना आता हे चटकन आठवेल असं नाही. तेव्हा पन्नाशी-साठीच्या माणसाचे हातपाय असे थकू लागले, तर लहानपणच्या पोलिओचं आपणहून सांगा, पूर्ण बरा झाला होता असं वाटत असलं तरी. मी सासूबाईंच्या औषधांच्या फायलीत पहिल्याच पानावर लाल शाईनं तसं लिहून ठेवलं आहे.