एलीयाची भाकर आणि शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा

जुन्या करारातील 1 राजे या ग्रंथाच्या 19 व्या अध्यायावर मराठी मंडळ्यांमध्ये पुष्कळ संदेश दिले जातात, परंतु त्यांतील बहुतेकांचा रोख होरेब पर्वताकडे, म्हणजे वारा, भूमिकंप आणि अग्नी यांच्यानंतर संदेष्टा एलीया याला ऐकू आलेल्या मंद वाणीकडे असतो. त्याआधीची चार-पाच वचने, ज्यांत एलीया झोपतो, जेवतो आणि पुन्हा झोपतो, ती केवळ पर्वतापर्यंत पोहोचण्याची वाट म्हणून वाचली जातात. वास्तविक घरातील दीर्घ आजारपण ज्यांनी अनुभवले आहे, त्यांच्या दृष्टीने या अध्यायाचा गाभा त्याच वचनांत आहे, आणि प्रस्तुत लेखिकेला तो वडिलांच्या आजारपणात उमगला.

कथेची पार्श्वभूमी अशी की, कर्मेल डोंगरावर बआल या कनानी दैवताच्या 450 संदेष्ट्यांसमोर एलीयाने एकट्याने उभे राहून वेदीची दुरुस्ती केली, प्रार्थना केली आणि स्वर्गातून अग्नी उतरलेला सर्व लोकांनी पाहिला. त्याच संध्याकाळी तो अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत गेला. त्यानंतर ईजबेल राणीचा जिवे मारण्याचा निरोप आला आणि हा धैर्यवान पुरुष इज्रेलपासून दीडशे किलोमीटरांच्या आसपास दूर, यहूदाच्या दक्षिण टोकाला असलेल्या बैर-शेबा येथे पळाला, तिथे आपल्या सेवकाला ठेवून एकटाच दिवसभर रानात चालत गेला आणि एका झुडपाखाली बसून, आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे देवाला म्हणू लागला. हे झुडूप इब्री भाषेत रोतेम म्हणून ओळखले जाते. ते वाळवंटात वाढते, त्याची सावली विरळ असते आणि त्याच्या लाकडाचे निखारे फार वेळ धगधगत राहतात, असा निर्देश 120 व्या स्तोत्रातही सापडतो. एलीया येथे आजारी नव्हता आणि त्याने काही पाप केले असेही ग्रंथ म्हणत नाही. तो देवाचेच काम करून थकला होता, आणि या भेदाकडे प्रवचनांत पुरेसे लक्ष दिले जात नाही.

देवदूत त्याच्याशी कसा वागला, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याने एलीयाला स्पर्श केला, उठून खा, एवढेच सांगितले, आणि उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे पात्र ठेवलेले होते. कर्मेलवरचा विजय इतक्यात कसा विसरलास, असा प्रश्न त्याने केला नाही, मरण मागितल्याबद्दल दोषही दिला नाही. एलीया खाऊन पुन्हा झोपला तेव्हा त्याला झोपू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवतानाही, वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे, या कारणासाठी पुन्हा अन्नच दिले. त्या अन्नाच्या बळावर तो 40 दिवस व 40 रात्री चालत होरेबला गेला. देवाने प्रश्न विचारला तो तिथे, म्हणजे झोप आणि जेवण झाल्यानंतर.

प्रस्तुत लेखिकेचे वडील, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील एका शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, अर्धांगवायूच्या झटक्याने अंथरुणाला खिळले, तेव्हा घरात शुश्रूषेसाठी ती आणि तिची वृद्ध आई अशा दोघीच होत्या. अशा रुग्णाला पाठीवर व माकडहाडावर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाकातून घातलेल्या नळीतून पातळ अन्न ठरलेल्या वेळी द्यावे लागते, लघवीची पिशवी रिकामी करावी लागते. यांपैकी कोणतेही काम अवघड नसले, तरी त्यांच्यामुळे रात्र सलग अशी उरतच नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांत संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे, आणि तो या घरातही चालू होता. मात्र स्तोत्र वाचताना ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात आठवत नसे, गीत म्हणताना आवाज फुटत नसे, आणि पुढे पुढे तर ‘प्रभू, आता पुरे’ एवढेच शब्द मनात उरले. ते शब्द वडिलांसाठी होते की स्वतःसाठी, हे लेखिकेला तेव्हा सांगता आले नसते.

या काळात मंडळी भेटीला येत असे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पाळकांनी याकोबाच्या पत्रातील 5 व्या अध्यायाप्रमाणे वडिलांना तेल लावून प्रार्थना केली, आणि वाचा गेलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आले. परंतु काही भेटींचे स्वरूप वेगळे होते. एका प्रार्थनागटातील मंडळींनी लांबलचक प्रार्थनेनंतर, घरच्यांचा विश्वास पुरेसा असता तर रुग्ण एव्हाना उठून बसला असता, असे सूचित केले आणि पुराव्यादाखल मार्काच्या शुभवर्तमानातील, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथातील, 2 ऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्याची कथा सांगितली. त्याच कथेत त्या मनुष्याला खाटेवरून चार जणांनी वाहून आणले होते, दाराशी गर्दी असल्याने त्यांनी छप्पर उघडले होते, आणि येशूने पाहिला तो त्या सर्वांचा विश्वास, असे मार्क लिहितो. तेव्हा खाटेचे चारही कोपरे दोन थकलेल्या स्त्रियांच्या हाती सोपवून त्यांच्याच विश्वासाचे माप काढणे हा शास्त्राचा उपयोग नसून दुरुपयोग आहे, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे. हे वाक्य त्या रात्री सुचले नव्हते. त्या रात्री केवळ अपराधाची बोचणी होती.

त्यानंतर मंडळीतील एक वयस्क बाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, बाजरीच्या भाकरी, पिठले आणि रुग्णासाठी गाळलेले मुगाचे पाणी घेऊन आल्या. त्यांनी बायबल उघडले नाही, लेखिकेची विचारपूसही फारशी केली नाही, “तू आधी जेव, अन् जाऊन झोप. मी हाय इथं,” एवढे म्हणून त्या वडिलांच्या खाटेशी बसल्या, कूस कशी वळवायची ते आईकडून समजून घेतले आणि पहाटेपर्यंत हलल्या नाहीत. सकाळी लेखिका उठली तेव्हा त्यांनी चहा दिला आणि पुन्हा झोपायला सांगितले. पुढे त्या येतच राहिल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ महिला मंडळातील इतर स्त्रियाही येऊ लागल्या. प्रार्थना परत आली ती या झोपेनंतर: 23 वे स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत लक्ष न ढळता म्हणता आले, आणि वडिलांनी, ज्यांनी ते लहानपणी पाठ करून घेतले होते, डाव्या हाताची बोटे हलवून त्याला साथ दिली. वडील बरे झाले नाहीत. काही महिन्यांनी ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले, आणि त्या वेळी मावशी घरातच होत्या.

एलीयाची कथा या अनुभवाच्या उजेडात वाचली की होरेबवरील संभाषणाचाही अर्थ बदलतो. मी एकटाच उरलो आहे, अशी तक्रार एलीया दोनदा करतो. देव त्या तक्रारीचा प्रतिवाद करण्याऐवजी त्याला अलीशाकडे पाठवतो, जो पुढे त्याचा सेवक आणि उत्तराधिकारी झाला, आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले 7,000 जण इस्राएलात राखून ठेवल्याचे सांगतो. गणना या ग्रंथाच्या 11 व्या अध्यायात मोशेनेही लोकांचे ओझे एकट्याला पेलवत नाही म्हणून मरण मागितले होते, आणि तिथेही देवाने त्याला रागावण्याऐवजी 70 वडील मंडळी ओझे वाटून घेण्यासाठी नेमली. दोन्ही ठिकाणी देवाचे उत्तर म्हणजे मदतीला माणसे आहेत, ही गोष्ट योगायोगाची मानता येणार नाही.

रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांसाठी जी प्रार्थना-यादी वाचली जाते, तिच्यात रुग्णाचे नाव असते. त्याच्या उशाशी जागणाऱ्या पत्नीचे, मुलाचे किंवा सुनेचे नाव सहसा नसते. मंडळ्यांच्या पाळकांना आणि महिला मंडळांना विनंती आहे की, त्या यादीत रुग्णाच्या नावाशेजारी शुश्रूषा करणाऱ्याचे नाव लिहावे आणि त्यापुढे, या आठवड्यात त्या घरी डबा कोण नेणार व कोणत्या रात्री कोण बसणार, हेही लिहावे.