तुरिनीचा घाट आणि एक इटालियन मोटार

मॉन्टे कार्लोच्या उत्तरेस, आल्प्स पर्वताच्या फ्रेंच भागांत, १६०७ मीटर उंचीवर तुरिनीचा घाट आहे. सोस्पेल गांवाकडून चढणारा रस्ता इतक्या वेळां उलट वळतो कीं, मागें टाकलेली वाट पुनः पायांखालीं दिसूं लागते. हिवाळ्यांत एक वळण कोरडें, तर पुढचें बर्फानें मढलेलें! मॉन्टे कार्लोच्या प्रसिद्ध मोटारशर्यतींत गाडीची खरी परीक्षा अशाच घाटांत, पुष्कळदां रात्रीं, होत आली आहे.

लान्चा स्ट्रॅटॉस ही मोटार समजून घ्यावयाची तर आधीं हा घाट पाहावा. इटालियन भाषेंत लान्चा म्हणजे भाला. गाडीही तशीच टोंकदार. तिची आकृति मार्चेल्लो गांदीनी यांनीं रेखाटली. पुढील व मागील आंसांतील अंतर अवघें २.१८ मीटर, फेरारीचें सहा सिलिंडरांचें इंजिन चालकाच्या पाठीशीं, दारांत शिरस्त्राणें ठेवण्यास कोनाडे. अशी आंखूड गाडी सरळ रस्त्यावर चंचल वाटते. परंतु नागमोडी वाटेवर तोच दोष गुण ठरतो. सान्द्रो मुनारी यांनीं १९७५, १९७६ व १९७७ अशीं लागोपाठ तीन वर्षें ही शर्यत तिच्यावर जिंकली.

पुढें लान्चाची मालक फियाट कंपनी हिनें, विक्रीचा हिशेब पाहून, आपल्या १३१ या घरगुती गाडीस शर्यतींत पुढें केलें. तथापि १९७९ सालीं बर्नार्ड दार्निश यांनीं हीच बाजूस सारलेली स्ट्रॅटॉस घेऊन मॉन्टे कार्लो जिंकली, आणि तीही केवळ ६ सेकंदांनीं! वस्तु आपल्या स्थानींच शोभते, हा आपल्या सुभाषितकारांचा बोध आल्प्सच्या घाटांतही खरा ठरला.